अक्काची बाल्कनी आणि वरची कंबी

लोखंड बांधायचं काम मी तीस वर्षं करतोय, आणि तीस वर्षं लोक मला एकच विचारतात, "पण तुम्ही नेमकं करता काय?" काय सांगायचं कप्पाळ! रंग देणाऱ्याचं काम दिसतं, फरशीवाल्याचं दिसतं, सुताराचं दार तर येता-जाता हाताला लागतं. मी जे करतो ते काँक्रीट पडलं की कायमचं झाकलं जातं. सळया कापायच्या, वाकवायच्या, रिंगा घालायच्या, प्रत्येक सांध्याला तार देऊन हुकानं पिळायची; मग वरून कुणीतरी काँक्रीट ओततो आणि घरमालक म्हणतो, "काय मस्त स्लॅब झाला!" अरे, आतल्या सळया जागच्या जागी आहेत म्हणून तो मस्त आहे. आमच्या म्हैसूरकडं सळईला कंबी म्हणतात आणि मला कंबी मेस्त्री. घरात मराठी, कामावर कन्नड, आणि राग आला की दोन्ही. राग मला लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबांपर्यंत लुगडी रंगवायचं काम होतं, वडलांच्या हयातीत ते संपलं आणि आम्ही मुलं मिळेल त्या वाटेला लागलो. थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, सरकारी कचेरीत चिकटला आणि सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झाला. मधली बहीण, अक्का, शाळेत शिक्षिका झाली. मी धाकटा. दहावीला दोनदा बसलो, दोन्हीदा आपटलो आणि सळया उचलायला गेलो. घरच्या कार्यात अण्णा माझी ओळख करून द्यायचा, "हा आमचा धाकटा, बिल्डिंग लाइनमध्ये आहे." बिल्डिंग लाइन म्हणे! कंबी बांधतो म्हणताना याची जीभ झडते काय?

पिकतं तिथं विकत नाही, हे काही उगाच म्हणत नाहीत. बैलकुप्प्याला एका मठाच्या जेवणघराचे खांब मी उभे केलेत. बेट्टदपुरला पाण्याची टाकी बांधलीय. हेब्बाळला तर एवढे पाये घातलेत की कंपनीच्या बसमधून जाताना मोजत बसलो तर उतरायचं राहील. पण आमच्या घरात भिंतीला खिळा मारायचा झाला तरी विचारायचं अण्णाला. आणि लग्नामुंजीत फोटोची वेळ आली की मी नेमका कुठं तरी पाठवलेला. सिलिंडर संपला, जा. भटजींना आणायचंय, जा. खुर्च्या कमी पडल्या, जा. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण आमच्या घरातल्या सगळ्या अल्बममध्ये मिळून मी दोन ठिकाणी आहे, त्यात एका ठिकाणी नुसती पाठ आहे.

तर अक्काची गोष्ट. भावजी गेले, मुलगा-सून खालच्या मजल्यावर संसाराला लागले, तेव्हा तिनं ठरवलं की वर एक मजला चढवायचा आणि आपण वर राहायचं. घर हेब्बाळच्या अलीकडच्या एका लेआउटमध्ये. नकाशा काढायला इंजिनिअर आला तेव्हा त्याला तिनं एकच सांगितलं, "खोल्या कशाही काढा. मला पाच फुटांची बाल्कनी पाहिजे."

इंजिनिअर म्हणाला, "साडेतीन पुष्कळ झाली, मॅडम."

"पाच," अक्का म्हणाली. तीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेला तो आवाज. इंजिनिअरनं पाच लिहिलं.

मला तिनं नंतर कारण सांगितलं. "माझे गुडघे गेलेत रे. एकदा जिना चढून वर गेले की मी काही रोज खाली उतरणार नाही. देवळात नाही, बाजारात नाही. मग माझं बाहेर म्हणजे काय? ती बाल्कनी. खुर्ची टाकून बसेन, पाय पसरता आले पाहिजेत." जन्मभर ज्या स्वयंपाकघरात ती राबली त्याची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती. मी म्हणालो, "पाच म्हणजे पाच. मी बांधतो ना." अण्णाला ते पटलं नव्हतं. घरच्या माणसाला काम दिलं की चूक झाली तर बोलता येत नाही, असं त्याचं म्हणणं. अक्कानं त्याला सांगितलं, "मी बोलेन की. मला कुठं लाज आहे?"

आता बाल्कनीचं एक साधं शास्त्र आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. खोलीचा स्लॅब दोन्हीकडं भिंतीवर टेकलेला असतो, तो मधे खाली झुकू बघतो, म्हणून त्याची कंबी खालच्या अंगाला. बाल्कनी एकाच बाजूला धरलेली, दुसरी बाजू हवेत. तिथं सगळं उलटं. हातात भरलेली बादली घेऊन हात समोर सरळ धरा. ओढ कुठं बसते? खांद्याच्या वर. तशी बाल्कनीला ओढ वरच्या अंगाला बसते, आणि तीसुद्धा मुळाशी, जिथं ती घरातून बाहेर निघते तिथं. म्हणून तिची मुख्य कंबी वरच पाहिजे. वर असली तर दहा माणसं नाचू देत. तीच कंबी तीन-चार इंच खाली गेली की असून नसल्यासारखी. आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

कंबी वर राहावी म्हणून तुकड्यातुकड्यांतून वाकवून छोट्या घोड्या करतात, त्यांना आम्ही खुर्च्या म्हणतो. त्यांच्यावर एक आडवी कंबी, आणि त्या आडवीवर घरातून बाहेर जाणाऱ्या सगळ्या मुख्य कंब्या. नावाला खुर्ची, पण तिच्यावर बसायचं नाही, पाय द्यायचा नाही. एक खुर्ची कलंडली की तिच्यावरच्या सहा-सात कंब्या मुकाट्यानं खाली बसतात. त्यात अक्काची बाल्कनी खोलीपेक्षा दोन इंच खाली धरलेली, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. त्यामुळं कंबीला मुळाशी बीमच्या डोक्याचा आधार नव्हता. सगळा भार खुर्च्यांवर.

माझी दोन माणसं आणि मी, आठ दिवस आम्ही त्या स्लॅबवर होतो. दुसऱ्याच्या कामाला एक सांधा सोडून एक सांधा बांधला तरी चालतं. अक्काच्या बाल्कनीचा एकेक सांधा मी स्वतः बांधला. शेवटच्या संध्याकाळी वाकून डोळा लावून बघितलं, सगळ्या कंब्या एका रेषेत. चालायला फळ्या टाकल्या. मला वाटलं, हिच्यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून झालं नाही.

काँक्रीटचा दिवस शुक्रवार. साडेदहाला राहुकाल लागतो, त्याच्या आत सुरुवात झालीच पाहिजे, असं अण्णानं जाहीर केलेलं. मला त्याचं काही नाही. मीसुद्धा राहुकालात नवीन काम धरत नाही. पण मग पूजा आठला करा ना! नऊ वाजले तरी नातेवाईक येतच होते. रेशमी साड्या, केसरीबातचे डबे, फुलांचे पुडे. तीसेक माणसं असतील. दृष्ट काढायला कोहळा आणलेला, तो फोडला, त्याचं कुंकू शिंतोडे उडून माझ्या रिंगांवर. ते ठीक आहे. पण चप्पल काढून अनवाणी का होईना, ही सगळी वरात फळ्या सोडून कंबीवरून हिंडायला लागली!

"फळीवरून चला! अहो मावशी, फळीवरून!" मी ओरडतोय.

"फळी हलते रे," मावशी म्हणाल्या आणि थेट कंबीवरून गेल्या.

तेवढ्यात कुणाला तरी शोध लागला की बाल्कनीच्या टोकावरून चामुंडीचा डोंगर दिसतो. झालं! सगळे तिकडं. अण्णाच्या मुलीनं मोबाइल काढला, "सगळे उभे राहा, ग्रुप फोटो!" आणि तीसच्या तीस माणसं माझ्या आठ दिवसांच्या कामावर चढली. मागची रांग टोकाला, पुढची रांग बरोब्बर मुळाशी. मी किती ओरडलो असेन! "अय्यो, तिथं नका! ती वरची कंबी आहे! खाली बसेल!" अण्णा म्हणाला, "सुम्ने कशाला ओरडतोस? लोखंड आहे ते, माणसांनी काय होणार?" सुम्ने म्हणजे उगीच. तीस वर्षांची माझी विद्या त्या एका शब्दात निकालात.

मी तणतणत मागं वळलो, आणि पाठून अण्णाचाच आवाज आला. "अरे, तू कुठं चाललास? तू पण ये की फोटोत! घर तुझ्या हातचं आहे."

काय सांगू? आत्ता लिहितानाही मला माझाच राग येतोय. पन्नाशीचा घोडा मी, आणि 'तू पण ये' ऐकून मला गलबलून आलं. घर तुझ्या हातचं, असं सगळ्यांसमोर, अण्णा म्हणाला! मी हात पँटला पुसले आणि गेलो. पुढच्या रांगेत, उजव्या कोपऱ्याला थोडी जागा होती, तिथं उभा राहिलो. पाय ठेवला आणि पायाखालची खुर्ची कलंडली. आवाज आला नाही, कुणाला दिसलं नाही. माझ्या तळपायाला कळलं. कंबी हळूच खाली गेली, आणि मी काय केलं? हसलो. फोटो निघेपर्यंत हसत उभा राहिलो.

फोटो झाला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झालेली. खाली रेडीमिक्सची गाडी गुरगुरत उभी, पंपाचा पाइप वर चढलेला. मी अण्णाला म्हणालो, "अर्धा तास दे. बाल्कनीची कंबी बसलीय, उचलून परत बांधायला पाहिजे."

"अर्धा तास? राहुकाल तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

मी इंजिनिअरला फोन लावला. तो कुठल्या तरी दुसऱ्या कामावर होता. म्हणाला, "मेस्त्री, पलीकडच्या कोपऱ्यातून काँक्रीट सुरू करा, तोपर्यंत तुम्ही कंबी उचला. अडजस्ट माडी, घ्या जमवून." अडजस्ट माडी! या देशात किती घरं या दोन शब्दांवर उभी आहेत देव जाणे.

मी जास्त भांडू शकलो असतो. एरवी मी पाइप धरून बसलो असतो, 'माझ्यावर ओता' म्हणालो असतो; परक्यांच्या कामावर असं दोनदा केलंय. पण दहा मिनिटांपूर्वी मला फोटोत घेतलेलं. परत तोच तमाशा करणारा कूलीवाला व्हायचं जिवावर आलं. मी गप बसलो आणि हुक घेऊन धावलो.

डाव्या अंगाकडून सुरुवात केली. कारण मावशी तिथं होत्या, मेहुणे तिथं होते, ज्यांच्या नावानं मी मनात शिव्या देत होतो ती सगळी वजनदार मंडळी तिथं होती. एकेक खुर्ची सरळ केली, तार पिळली, कंबी वर. घामानं डोळे चुरचुरत होते. माझी दोन माणसं काँक्रीट पसरायला लागलेली, मी एकटाच. माझा कोपरा मी शेवटी ठेवला. मनात म्हटलं, तिथं तर एकटा मीच होतो, एका माणसानं काय होतंय? हे माझंच वाक्य! अण्णा म्हणाला ते आणि हे यात काय फरक आहे सांगा.

आणि काँक्रीट काय माझी वाट बघत बसणार? पंपवाल्याला घाई, त्यानं पाइप बाल्कनीकडं वळवला. मी कोपऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा तिथं घोट्याएवढं काँक्रीट पडलेलं. हात घातला, हुकानं कंबी शोधली, वर ओढली. ओल्या काँक्रीटमध्ये कंबी हातानं वर धरता येते, पण हात सोडला की ती राहील का बसेल हे कोण सांगणार? दोन हात, सात कंब्या. व्हायब्रेटर लागला, वरून फळी फिरली, सगळं सपाट आणि गुळगुळीत. खालून अण्णा ओरडला, "आयतु! झालं! राहुकालाच्या आत सुरुवात झाली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला केसरीबात दिला. मी तो माझ्या माणसांना देऊन टाकला.

कुणाला काही बोललो नाही. अक्काला तर नाहीच.

मग सुरू झालं माझं टेकू प्रकरण. बाल्कनीखाली लाकडी टेकू असतात, काँक्रीट पक्कं होईपर्यंत. खोलीचे टेकू मी वेळेवर काढले, बाल्कनीचे ठेवले. तीन आठवडे झाले, अक्का म्हणाली, "काढ की रे, मुलाला गाडी आत घालता येत नाही." मी म्हणालो, "अजून आठ दिवस. बाल्कनी आहे, सावकाश काढलेली बरी." पुढच्या आठवड्यात म्हणालो, हवा थंड आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणालो, माझी माणसं गावाला गेलीत. गवंडी कठडा बांधायला आला तर त्याला मी परत पाठवला. रोज कामावरून येताना वाट वाकडी करून त्या गल्लीतून जायचो, गाडी थांबवून खालून बघायचो. काय दिसणार होतं खालून? टेकू असेपर्यंत ती बाल्कनी पडणार नव्हती आणि टेकू असेपर्यंत मला खरं कळणारही नव्हतं.

दरम्यान अक्कानं वेताची आरामखुर्ची आणली. वरच्या खोलीत, बाल्कनीच्या दारापाशी, प्लास्टिक न काढता ठेवली. मी गेलो की हौसेनं दाखवायची. "बस ना, बसून बघ." मी एकदाही बसलो नाही.

वास्तुशांत ठरली. म्हणजे तीच तीस माणसं, आणखी शेजारीपाजारी, आणि सगळी त्या बाल्कनीवर जाणार डोंगर बघायला. चार दिवस उरले तेव्हा अण्णाचा फोन आला, "उद्या टेकू काढायला मी माणूस सांगितलाय. तुझी हवा गरम व्हायची वाट बघत बसलो तर पुढचं वर्ष उजाडेल." रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सातला छन्नी-हातोडा घेऊन अक्काच्या दारात उभा राहिलो. अण्णा माझ्या आधी येऊन बसलेला.

आणि मग मी फुटलो. पण कसा फुटलो बघा. कोपऱ्याचं बोललो का? छे! मी त्या दोघांवर तुटून पडलो. "टेकूला हात लावायचा नाही! त्या दिवशी तुम्ही सगळे कंबीवर चढलात, फोटो काढलेत! डोंगर बघायचा होता ना? वरची कंबी सगळी खाली घातलीत! तीस-तीस माणसं! आणि राहुकाल, राहुकाल! काँक्रीटला राहू कळत नाही, कंबी कळते! ही बाल्कनी एक दिवस अक्काला घेऊन खाली येईल, मग करा शांत!"

अक्का भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा बघवेना. अण्णा पांढरा पडला, पण कचेरीत मुरलेला माणूस, लगेच म्हणाला, "मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही मला बोलू देता का?"

"त्या दिवशी तू उचलतो म्हणालास. उचललीस ना? मग?"

"वर चला," मी म्हणालो. "फोडून दाखवतो. डोळ्यांनी बघा, तुमच्या फोटोनं काय केलंय ते."

अण्णा आला, अक्काही एकेक पायरी चढत पाठोपाठ आली. मी बाल्कनीच्या मुळाशी, डाव्या टोकाला, गुडघ्यावर बसलो आणि छन्नी मारायला लागलो. मावशी उभ्या होत्या तिथं. एक इंच खोल गेलो आणि टण्ण आवाज आला. कंबी. जिथं पाहिजे तिथं. पुढची फोडली, तीही वर. मेहुण्यांची जागा फोडली, वर. मधली, वर. खरं सांगतो, मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला झाला नाही. मी सगळ्यांवर एवढी आग पाखडली होती आणि एकेक कंबी मला खोटं पाडत होती. अण्णा मागून म्हणाला, "बघ. बसलीय का कुठं? सुम्ने घाबरवलंस सगळ्यांना." अक्कानं सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला.

मग उजवा कोपरा राहिला. तिथं नाही फोडलं असतं तर? छन्नी पिशवीत टाकून, हात झटकून, 'चला, देवाची कृपा' म्हणालो असतो तर? त्या दोघांना काही कळलं नसतं. अक्का म्हणालीही, "आता पुरे की रे. दमलास." मी तिच्याकडं बघितलं, तिच्या मागं दारापाशी प्लास्टिकमधली ती आरामखुर्ची होती. मी कोपऱ्यात सरकलो आणि छन्नी लावली.

एक इंच. काही नाही. दोन इंच. नुसती खडी. शेजारी फोडलं, तिथंही नाही. तिसऱ्या इंचाला हातोडा एकदा अंगठ्यावर बसला. कंबी सापडली ती जवळजवळ तळाला, जिथं नसती तरी चाललं असतं. सातही कंब्या तशाच, एका शेजारी एक, खाली निजलेल्या.

"याला काही करता येईल?" अक्कानं विचारलं. आवाज शिक्षिकेचा नव्हता.

"खालून एक खांब दे की," अण्णा म्हणाला.

"खांब बरोब्बर गेटमध्ये येतो," मी म्हणालो. "आणि कोपऱ्यावर दोन्ही कठड्यांचं वजन येणार. तडा इथून जायचा आणि सगळी घेऊन जायची. या बाल्कनीवर मी अक्काला बसू देणार नाही."

अक्का भिंतीला धरून वाकली आणि त्या खड्ड्यात बघत राहिली. मग म्हणाली, "बाकी सगळीकडं बरोबर आहे. इथंच कसं? इथं कोण उभं होतं रे त्या दिवशी?"

अण्णा पटकन म्हणाला, "कोण जाणे. एवढी माणसं होती, कुणाला आठवतंय कोण कुठं होतं ते. जाऊ दे, बिडो."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. त्यानं मुद्दाम ठेवलं की नकळत, मला माहीत नाही.

"मी," मी म्हणालो.

अक्का माझ्याकडं बघायला लागली.

"मी उभा होतो, अक्का. अण्णानं बोलावलं. कधी नव्हे ते बोलावलं म्हणून गेलो. खुर्ची कलंडली ती मला पायाला कळली. कळूनही हललो नाही. नंतर आधी दुसऱ्यांच्या जागा उचलत बसलो, माझी शेवटी ठेवली. आणि इतके दिवस तुम्हा सगळ्यांना शिव्या दिल्या."

अण्णानं मान फिरवली आणि अक्काकडं बघितलं. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"अण्णानं नाही बोलावलं तुला," ती म्हणाली. "मी त्याच्या कानात सांगितलं होतं, त्याला हाक मार म्हणून. तू म्हण, म्हटलं, घर त्याच्या हातचं आहे म्हण. माझ्या हाकेला तू आला नसतास, काहीतरी काम काढून सटकला असतास. त्याच्या हाकेला येशील हे मला ठाऊक होतं."

मी अण्णाकडं बघितलं. तो पायाजवळचा काँक्रीटचा तुकडा चपलेनं सरकवत होता.

मला वाटलं अक्का आता ओरडेल. बोलेन की, मला कुठं लाज आहे, म्हणाली होती ना. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "फोड ही. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, तूच फोड." मग गुडघ्यावर हात ठेवत ती आत गेली आणि दार तिनं आतून ओढून घेतलं.